नम्रता कोणती आणि लाचारी कोणती?



उपदेशपीठावरून ज्या पापांचा समाचार घेणें सर्वांत सोपें, त्यांत गर्वाचा क्रम पहिला लागेल. दारूविषयीं उपदेश चालला असतां दारू पिणारा मान खालीं घालतो. कर्जाविषयीं चालला असतां कर्ज बुडविणारा मनांत चरफडतो. परंतु गर्वाविषयीं बोलूं लागलें कीं सगळी मंडळी प्रसन्न मुद्रेनें ऐकत असते, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें पलीकडच्या सतरंजीवर बसलेला दुसराच कोणी उभा राहतो. बोलणाराही निर्धास्त असतो. नम्रतेवर बोलणारा मनुष्य नम्रच असला पाहिजे, असें लोक धरून चालतात आणि तोही तसेंच धरून चालतो. आम्हीं स्वतः या विषयावर चार उपदेश वहींत तयार करून ठेविले होते. त्यांपैकीं एक गेल्या पावसाळ्यांत एका म्हाताऱ्या बाईनें निकामी केला. तो कसा, हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

गोदाकांठच्या एका गांवीं आमची पंचवीस-तीस घरांची मंडळी आहे. नाशिक रोडहून सकाळच्या एस. टी.नें निघालें म्हणजे उपासनेच्या वेळेपर्यंत पोंचतां येतें. त्या मंडळींत एक आजी आहेत. उपासना सुरू होण्यापूर्वीं त्या येतात, झाडलोट करतात, पाण्याचा हंडा भरून ठेवितात, आणि मग दाराच्या उंबऱ्यालगत, जेथें लोक चपला काढतात तेथें, पदर सांवरून बसतात. पुढें कितीही जागा मोकळी असली तरी त्या तेथून हलत नाहींत. त्या दिवशीं लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वाचण्यांत आला होता; मेजवानीला बोलाविलेल्यानें पुढची जागा धरूं नये, असा प्रभूचा तेथें उपदेश आहे. आम्हांस उदाहरण हवेंच होतें. आम्हीं दाराकडे बोट करून त्या आजींचें नांव घेतलें, आणि खरी नम्रता पाहावयाची असेल तर ती तेथें पाहा, असें मोठ्या आवेशानें सांगितलें. लोकांनीं वळून पाहिलें. आजींनीं पदर आणखी पुढें ओढला.

उपासना संपल्यावर चहा होईपर्यंत आम्ही ओट्यावर बसलों होतों. आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, एक सांगू का? राग नका मानू.”

“सांगा ना, आजी.”

“तुमी मला नम्र म्हणले. मी काई नम्र-बिम्र नाई, साहेब. मी लहान होते तवा ह्या गावात आमाला कोणाच्या वट्यावर चढू देत नव्हते. माय म्हणायची, दाराशीच बस, आत नको जाऊ, हाकलतील. तवाची सवय पायाला पडली. पुढं बसले का वाटतं, आता मागून कोणी हटकतंय. लई जीव घाबरतो. म्हणून दाराशी बसते. त्याच्यात काय चांगलं?”

चहा आला, पण तो आम्हांस गोड लागला नाहीं. एक जुनी जखम आम्हीं भर सभेंत दागिना म्हणून वाखाणली होती. ज्या गोष्टीबद्दल त्या माउलीची क्षमा मागावयास पाहिजे होती, ती गोष्ट तिचा सद्गुण म्हणून आम्हीं इतरांस कित्ता घालून दिली. परतीच्या गाडींत आमच्या मनांत एकच प्रश्न घोळत राहिला, आणि तोच आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्याला जगानें आधींच खालीं बसविलें आहे, त्याला आम्ही नम्र हो असें सांगतों तेव्हां नक्की काय सांगतों?

हा प्रश्न आमच्या मंडळ्यांना सोडून चालणार नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या, आणि आमच्याही, पणजोबांनीं ‘जोहार मायबाप’ म्हणत वाड्यांच्या दारांशीं हात जोडले आहेत. वरच्या आळींतून जातांना पायांतील जोडा हातांत घ्यावा, बोलतांना दूर उभें राहावें, भाकरी मिळाली तर ती वरून ओंजळींत टाकलेली घ्यावी, आपलें धड नांव असून त्याच्या शेवटीं ‘या’ लावून कोणीं पोरानें हांक मारली तरी ‘जी’ म्हणून धांवत जावें. हा त्या काळचा शिष्टाचार होता. हे लोक नम्र होते काय? बाहेरून पाहणारास तसें वाटलें असतें. पाठ वांकलेली, आवाज हळू, डोळे जमिनीकडे. नम्रतेच्या चित्रास आणखी काय पाहिजे? परंतु ती पाठ त्यांनीं स्वतः वांकविली नव्हती. ज्या वांकण्यांत वांकणाराची इच्छाच नाहीं, त्यास शील म्हणतां येत नाहीं. त्यास आपल्या भाषेंत लाचारी असा वेगळा शब्द आहे, आणि तो वेगळा आहे हें बरें आहे.

आमच्या जिल्ह्यांतील वाचकांना कांद्याचा बाजार ठाऊक आहे. लासलगांवास माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याचा जीव काट्यापाशीं अडकलेला असतो. माल जितका आहे तितकाच काट्यानें दाखविला पाहिजे. जास्त दाखविला तर घेणारा बुडतो, कमी दाखविला तर देणारा. गर्व हा आपल्या पारड्यांत दगड टाकणारा आहे, हें आम्हीं पुष्कळ वेळां ऐकलें व ऐकविलें आहे. पण जो आपल्या पारड्यांतून मूठमूठ माल काढून टाकतो आणि ‘माझें कांहींच वजन नाहीं’ असें म्हणतो, त्याचें माप खरें आहे काय? नीतिसूत्रांचा कर्ता खोट्या तराजूविषयीं देवाला किती चीड आहे हें अकराव्या अध्यायाच्या आरंभींच सांगतो. खोटें माप कोणत्या बाजूस झुकलें आहे याचा तेथें भेद केलेला नाहीं. ज्याला देवानें आपल्या प्रतिरूपाप्रमाणें घडविलें आणि ज्याच्यासाठीं ख्रिस्त मेला, त्यानें स्वतःस कस्पटाएवढा लेखणें ही नम्रता नव्हे. ती देवाच्या हिशेबांत केलेली खाडाखोड आहे.

येथें कोणी म्हणेल, पाळकसाहेबांनीं आज सरळ राजकारणास हात घातला. तसें नाहीं, आम्ही पवित्र शास्त्रच वाचीत आहों, फक्त एक उतारा जो घाईनें वाचला जातो तो सावकाश वाचीत आहों.

फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय नम्रतेविषयीं शास्त्रांतील सर्वांत थोर भाग होय. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्यानें स्वतःस रिक्त केलें, दासाचें रूप घेतलें व वधस्तंभावरील मरणापर्यंत आज्ञा मानिली, असें पौल तेथें सांगतो. हें पत्र ज्या नगरांत वाचलें गेलें त्या नगरांतच पूर्वीं काय घडलें होतें, तें प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायांत आहे. पौल व सीला यांना चौकशीवांचून भर बाजारांत छड्या मारून तुरुंगांत टाकलें, पाय खोड्यांत अडकविले. मध्यरात्रीं त्यांनीं स्तोत्रें गाइलीं, भूकंप झाला, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा उद्धार झाला, येथवर आपण सर्व सांगतों. पण सकाळीं काय झालें? अंमलदारांनीं शिपाई पाठवून निरोप दिला कीं त्या माणसांना सोडून द्या. आमच्या कल्पनेंतील नम्र मनुष्य काय करता? दोन्ही हात जोडून, पाठीवरचे वळ झांकून, मुकाट्यानें वेशीबाहेर पडता. पौलानें तसें केलें नाहीं. आम्ही रोमी नागरिक आहों; तुम्हीं आम्हांस उघडपणें मारलें आणि आतां गुपचूप घालवितां काय? अंमलदारांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असा उलट निरोप त्यानें धाडला. आणि अंमलदार आले. त्यांनीं विनवण्या केल्या.

आम्ही नाशिक रोडला राहतों. येथील मध्यवर्ती कारागृहाची लांबच लांब भिंत आमच्या रोजच्या पाहण्यांतली आहे. त्याच कारागृहांत १९३३ सालीं साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली. त्या भिंतीवरून जातांना पुष्कळदां आमच्या मनांत पौलाचा तो सकाळचा निरोप येतो. तो निरोप गर्विष्ठपणाचा होता काय? असता, तर पुढें त्याच नगरास नम्रतेचें पत्र लिहितांना त्याचा हात अडखळला असता. कारण ऐकणारांत ज्यानें त्याच्या जखमा धुतल्या तो अधिकारीही बसलेला असेल, आणि त्यास ती सकाळ आठवत असेल. पौलाला स्वतःसाठीं सूड नको होता. दंड, भरपाई त्यानें मागितली नाहीं. त्याच्या मागें त्या नगरांत नुकती जन्मलेली मंडळी राहणार होती. ती चोराचिलटांची मंडळी ठरूं नये म्हणून सत्य उजेडांत यावें, एवढेंच त्यानें मागितलें. प्रभूनेंही प्रमुख याजकापुढें एका शिपायानें चपराक मारली तेव्हां, मीं वाईट बोललों असेन तर सिद्ध कर, नाहीं तर मारतोस कां, असें विचारलें. विचारलें, आणि तरीही वधस्तंभाकडे गेला. ह्या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्यांत मावतात, हें आम्हीं शिकावयाचें आहे.

नाशिक शहरांत काळाराम मंदिराच्या दारापुढें २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनीं तो १९३५ पर्यंत चालविला. दारें बंद झालीं, दगड पडले. आपल्या पायरीनें राहावें, इतका ताठा बरा नव्हे, असें त्या लोकांना सांगणारे शहाणे तेव्हां कमी नव्हते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं आमच्याच जिल्ह्यांतील येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली, ती या पांच वर्षांच्या अनुभवानंतर. आम्ही त्या इतिहासाचा निवाडा करावयास बसलों नाहीं. आम्हांस फक्त एवढें दिसतें कीं, ज्यानें दार अडविलें त्याच्या मनाची कोणी झडती घेतली नाहीं. गर्वाचा आरोप झाला तो दार ठोठावणारावर.

आमच्या मिशनांच्या घरांतही असेंच घडलें आहे, आणि तें झांकून ठेवणें बरें नाहीं. आज नाशकांत ज्यास शरणपूर रस्ता म्हणतात, त्याच्या नांवांत एक गांव लपलेलें आहे. चर्च मिशनरी सोसायटीनें १८५४ सालीं शरणपूर ही ख्रिस्ती लोकांची वसाहत वसविली. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकन मुलें मुंबईस उतरत. त्यांपैकीं कित्येकांना शरणपुरास आणून लिहिणें-वाचणें व सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवीत. आई-बाप, भाषा, देश, सर्व कांहीं हिरावून घेतलेलीं तीं लेंकरें गोदावरीच्या पाण्यावर वाढलीं. डॉ. लिव्हिंग्स्टन १८६६ सालीं आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीवर निघाले तेव्हां त्यांनीं त्यांतलीं कांहीं मुलें बरोबर घेतलीं. आणि आपल्या रोजनिशींत त्यांनीं या नाशिककर मुलांविषयीं पुष्कळ कुरकूर केली आहे कीं हीं काम टाळतात. त्यांत तथ्य असेलही. मुलें तीं मुलेंच. शिवाय दोन अक्षरें आलीं म्हणजे ओझें उचलण्याची लाज वाटूं लागते, हा रोग आमच्या बोर्डिंगांतूनही कांहीं नवा नाहीं.

पुढें १८७२ सालीं शरणपुरास शिकलेल्या तरुणांची आणखी एक तुकडी लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस गेली. त्यांत जेकब वेनराइट नांवाचा एक तरुण होता. १ मे १८७३ रोजीं पहांटे, चितांबो नांवाच्या सरदाराच्या गांवीं, लिव्हिंग्स्टन बिछान्याशीं गुडघे टेकलेल्या स्थितींत मृत आढळले. तें ठिकाण आजच्या झांबिया देशांत आहे. तेव्हां बरोबरच्या माणसांनीं काय करावयाचें? धनी मेला, पगार देणारा कोणी उरला नाहीं, घरीं निघून जावें, असें कोणीही म्हणालें असतें. परंतु सूसी व चूमा हे त्यांचे जुने सोबती पुढें झाले आणि सर्वांनीं ठरविलें कीं देह त्यांच्या लोकांपर्यंत पोंचवावयाचा. काळीज काढून त्यांनीं तेथेंच झाडाखालीं पुरलें. जेकबानें दफनविधीची प्रार्थना वाचली व झाडाच्या सालीवर नांव व तारीख कोरली. देह उन्हांत वाळविला, कापडांत व झाडाच्या सालींत बांधला, आणि ते चालूं लागले. हजार मैलांहून अधिक वाट, नऊ महिने. वाटेंतील कांहीं लोक प्रेताला भिऊन जाऊं देत ना, म्हणून त्यांना तो कापडाचा गठ्ठा आहे असें भासवावें लागलें. अर्ध्या वाटेवर कॅमेरॉन नांवाचा एक इंग्रज अधिकारी भेटला. त्यानें सल्ला दिला कीं येथेंच पुरून टाका. त्यांनीं तो मानला नाहीं. १८७४ च्या फेब्रुवारींत ते समुद्रकांठीं बागामोयोस पोंचले, आणि तेथें त्यांचें ओझें उतरवून घेण्यांत आलें. बहुतेकांना मजुरी देऊन निरोप मिळाला. चर्च मिशनरी सोसायटीनें भाडें दिलें म्हणून एकटा जेकब देहाबरोबर इंग्लंडास जाऊं शकला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत शवपेटी धरणारांमध्यें शरणपूरचा हा विद्यार्थी उभा होता.

वाचकहो, यांत नम्र कोण? नऊ महिने दुसऱ्याचें प्रेत खांद्यावर वाहिलें, त्याहून खालचें काम कोणतें? आणि तरी ती लाचारी नव्हती, कारण त्यांना भाग पाडणारा कोणी उरलाच नव्हता. हुकूम देणारा मेला होता. उलट, ज्याला हुकूम देण्याची संवय होती त्या साहेबाचा सल्ला त्यांनीं नाकारला. एकाच वाटेवर त्यांनीं खांदा वांकविला व मानही ताठ ठेविली. पुढें जेकबाचा इंग्लंडांत सत्कार झाला, लोक त्याला ऐकावयास जमूं लागले, तेव्हां सन्मानानें हा पोरगा फुगला अशी कुजबूज सुरू झाली. कदाचित् फुगला असेल. विशींच्या आगेमागें ज्याच्याभोंवतीं राजधानी जमली त्याचें डोकें थोडें फिरलें तर आम्ही त्यावर दगड उचलणार नाहीं. पण आम्हांस हें विचारावेंसें वाटतें कीं, ज्यांनीं लिव्हिंग्स्टन यांच्यावर ग्रंथ लिहून नांव कमाविलें त्यांचें डोकें तपासावयास कोणी गेलें काय? खालचा मनुष्य दोन बोटें वर उठला कीं त्याचा गर्व लगेच दिसतो. वरच्याचा गर्व इतका जुना असतो कीं तो घराच्या भिंतीसारखा दिसेनासाच होतो.

इतकें लिहून आम्ही येथेंच थांबलों असतों, तर कांहीं वाचक खूष झाले असते, आणि आमचा अपराध दुप्पट झाला असता. कारण स्वाभिमान या शब्दाच्या पोटांत गर्व फार लवकर बिऱ्हाड करतो. मार खाल्लेल्या मनुष्याला मारण्याची कला आपोआप येते. आमच्या मंडळ्यांत ‘आम्ही जुने ख्रिस्ती, ते नवे’ असें म्हणणारे आहेत. आजोबांचा बाप्तिस्मा कोणत्या गोऱ्या साहेबाच्या हातून झाला हें सांगतांना ज्यांचा आवाज चढतो असे आहेत. मुलीचें स्थळ पाहतांना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न दार लोटून घेऊन विचारणारे आहेत. प्रभुभोजनाचा प्याला एक, पण लग्नाच्या पंगतीची यादी निराळी. ज्यांनीं गांवचा पाणवठा बंद असल्याचें दुःख भोगलें, त्यांच्या नातवांनीं मंडळीच्या नळावर कोणीं आधीं भरावें यावरून भांडावें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

लक्ष्मीबाई टिळकांनीं आपल्या ‘स्मृतिचित्रां’च्या आरंभींच वडिलांच्या सोंवळ्याचें वर्णन केलें आहे. नाशिकजवळच्या जलालपूरचें तें गोखल्यांचें घर. १८५७ च्या बंडाच्या धामधुमींत त्यांचे सासरे फांशीं गेले, आणि त्या प्रसंगानंतर विटाळाचा त्यांनीं असा धसका घेतला कीं मीठसुद्धां धुतल्याशिवाय घरांत येईना. मीठ धुतल्यावर उरतें काय, हें विचारण्याची घरांत कोणाची छाती नव्हती. वाचक हंसतात, आम्हीही हंसलों होतों. पण दुसऱ्यांदा वाचतांना ध्यानांत आलें कीं, त्या सोंवळ्याच्या मुळाशीं भीति आहे. आमच्या आजीही भितात आणि तेही गृहस्थ भीत होते. एकाची भीति दाराशीं बसली, दुसऱ्याची दार लावून आंत बसली. लक्ष्मीबाईंनीं मात्र त्या घरांतून निघून किती वाट चालली! पति नारायण वामन टिळक यांचा १८९५ सालीं बाप्तिस्मा झाला तेव्हां त्या दुरावल्या. पुढें त्यांच्याजवळ येऊन राहिल्या तरी चूल निराळी, पाणी निराळें. मग एकेक गांठ त्यांनीं आपल्याच विचारानें सोडविली आणि १९०० सालीं राहुरीस त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. कोणीं ओढून नेलें नाहीं. आणि पुढें लिहितांना त्यांनीं स्वतःची फजिती जितक्या मोकळेपणानें सांगितली, तितकी दुसऱ्या कोणाची नाहीं. स्वतःला हंसतां येणें ही नम्रतेची फार भरंवशाची खूण आहे असें आम्हांस वाटतें. लाचारास तें परवडत नाहीं व गर्विष्ठास जमत नाहीं.

आमची स्वतःची फजितीही सांगून टाकतों. एका गांवीं कापणीच्या सणास आम्ही पाहुणे होतों. शाळेंतून खुर्ची आणून ठेविली होती, तिच्यावर आम्ही, आणि शेजारीं स्टुलावर त्या गांवचे वृद्ध उपदेशक. एक मुलगा झेंडूचा हार घेऊन आला. आम्हीं हात आडवा करून म्हटलें, “नको, नको, मान देवाला द्या.” मुलगा पुन्हां पुढें झाला, आम्हीं पुन्हां मान हालविली. आतां तिसऱ्यांदा आग्रह होईल आणि आम्ही निरुपायानें मान वांकवूं, असा सर्व बेत मनांत ठरलेला होता. पण मुलगा भोळा. त्यानें आमचें बोलणें खरें मानलें, वळला, आणि हार त्या म्हाताऱ्या उपदेशकांच्या गळ्यांत घालून मोकळा झाला. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या ऐकतांना आमच्या छातींत जी कळ उठली ती आम्ही विसरलों नाहीं. चाळीस वर्षें त्या माणसानें पायीं हिंडून सेवा केलेली. हार कोणाचा होता हें त्या मुलासही समजलें. आम्ही नको म्हणत होतों तेव्हां खरोखर आणखी मागत होतों. मोशे पृथ्वीवरील सर्व मनुष्यांहून नम्र होता असें गणना नांवाच्या पुस्तकांत लिहिलें आहे, आणि तें पुस्तक मोशेनेंच लिहिलें अशी समजूत असल्यामुळें सेमिनरींत असतांना आम्ही विद्यार्थी त्यावर थट्टा करीत असूं. त्या सणाच्या दिवशीं मोशेची थट्टा करण्याचा आमचा हक्क गेला.

मग ओळखावें कसें? वांकलेला दिसला म्हणून नम्र नव्हे, ताठ दिसला म्हणून गर्विष्ठ नव्हे. आणि ‘मी कांहीं नाहीं’ असें म्हणणारा तर फारच जपून तपासावा. आम्हांस याचें उत्तर योहानाच्या तेराव्या अध्यायांत सांपडतें, पण तें बहुधा वाचतांना निसटतें. प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले, हें आपण सांगतों. त्याच्या आधींचें वाक्य आपण सोडून देतों. पित्यानें सर्व कांहीं आपल्या हातीं दिलें आहे, आपण देवापासून आलों व देवाकडे जात आहों, हें ओळखून तो भोजनावरून उठला व त्यानें रुमाल कमरेस बांधला, असा तेथील आशय आहे. आपण कोण हें त्याला पक्कें ठाऊक होतें, म्हणूनच खालीं बसण्याचें त्याला भय वाटलें नाहीं. पेत्राला तें ठाऊक नव्हतें. म्हणून तो आधीं पाय मागें घेतो, आणि मग एकदम हातही धुवा, डोकेंही धुवा म्हणतो. ज्याची जागा पक्की तोच ती सोडून खालीं उतरूं शकतो. ज्याला जागाच मिळालेली नाहीं, त्याला ‘उतर’ असें सांगणें म्हणजे विहिरींत पडलेल्याला वांकून पाणी पी म्हणण्यासारखें आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे कीं, नम्रतेचा उपदेश करण्यापूर्वीं समोर कोण बसलें आहे हें पाहावें. ज्या मंडळींत पंच कोणाचें ऐकत नाहींत, तेथें लूकचा चौदावा अध्याय वाचावा. ज्या घरांत सून दिवसभर राबून शेवटीं उरलेलें खाते, तेथें तिला आणखी नम्र होण्यास सांगण्याची घाई करूं नये. तिला आधीं हें सांगावें कीं देव तिला नांवानें ओळखतो. पुष्कळ मंडळ्यांत हा क्रम उलटा चालतो. कणखर लोकांना आपण सांत्वनाचे उपदेश ऐकवितों व दबलेल्यांना आज्ञापालनाचे, कारण कणखर लोक वर्गणी देतात. हें लिहितांना आमचाच हात अडखळत आहे.

त्या गोदाकांठच्या गांवीं आम्ही पुढच्या महिन्यांत पुन्हां गेलों. उपासनेपूर्वीं आजींना गांठून आम्हीं त्यांची क्षमा मागितली, आणि म्हटलें, “आजी, आजपासून तुम्ही पुढें बसा. पहिल्या सतरंजीवर तुमची जागा ठेवली आहे.” आम्हांस वाटलें होतें कीं त्यांचे डोळे भरून येतील. त्या हंसल्या.

“साहेब, तुमी सांगता म्हणून पुढं बसले, तर तेबी हुकुमानंच झालं का नाई? आधी दाराशी बस म्हणले, बसले. आता पुढं बस म्हणता. माझ्या मनाला यील तवा बसंन.”

मग त्यांनीं हंडा उचलला आणि पाणी आणावयास गेल्या. त्या दिवशीं त्या दाराशींच बसल्या. वडाळीच्या रविवारीं, म्हणजे त्यानंतर तिसऱ्या खेपेस, पाऊस फार होता व लोक थोडे होते. उपासना सुरू झाल्यावर आम्हीं पुस्तकांतून डोळे वर केले तेव्हां त्या खिडकीशेजारीं, मधल्या सतरंजीवर, एका पोराला मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या. आम्हीं कांहीं बोललों नाहीं व त्यांच्याकडे पुन्हां पाहिलेंही नाहीं.